तुमचं चित्र ऱ्हायलं

आमच्या लहानपणी घरात चित्रे होती ती तीन ठिकाणी. भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, दाराआड किराणा दुकानदाराने दिलेले कॅलेंडर, आणि आजीच्या प्रार्थनापुस्तकात पानापानांतून खोचलेली संतांची लहान लहान चित्रे. कुणाच्या प्रथम ख्रिस्तशरीराच्या दिवशी वाटलेली, कुणा नातलगाच्या मृत्यूच्या पहिल्या वर्षाच्या मिस्सानंतर हाती आलेली. काहींच्या कडेला सोनेरी रेघ असे. दुपारी आजीचा डोळा लागला की आम्ही ते पुस्तक हळूच काढून घ्यावे, वहीच्या कागदाला खोबरेल तेल चोळून तो पारदर्शक करावा आणि चित्रावर ठेवून गिरवीत बसावे, हा आमचा नित्यक्रम होता. एके दिवशी संत अंतोनीच्या झग्यावर तेलाचा डाग पडला व तो आजीच्या नजरेस आला. आता मार बसणार म्हणून आम्ही श्वास रोखून उभे. आजीने गिरवलेला कागद उजेडाकडे धरून पाहिला आणि आईला हाक मारून म्हणाली, "हात चांगला आहे हो पोरीचा."

त्या एका वाक्यावर आम्ही पुढची बारा वर्षे काढली.

हात चांगला असणे म्हणजे समोर असेल ते हुबेहूब उतरविणे, एवढाच त्याचा अर्थ आम्हांला ठाऊक होता आणि आमच्या आसपासच्या मंडळींनाही याहून निराळा ठाऊक नव्हता. पाचवी-सहावीत चौकटी पाडून चित्र मोठे करण्याची युक्ती कळली, मग तर आमच्या कीर्तीला गावात सीमा राहिली नाही. डिसेंबर उजाडला की आळीतली मुले गोठ्यामागचा पडदा रंगवून घ्यायला आमच्या ओटीवर येत. जुन्या चादरीला खडूची भुकटी आणि डिंक यांचा हात द्यायचा, ती वाळली की तिच्यावर बेथलेहेमचे डोंगर काढायचे. डोंगर दोन, दोन्ही त्रिकोणी, दोन्हींच्या माथ्यावर बर्फ. तेवढा बर्फ कमी पडू नये म्हणून गोठ्याच्या छपरावर कापूस पिंजून टाकायचा. बाहेर वाडीत केळीची पाने वाऱ्याने फाटत असायची, बावखलाच्या पाण्यात माडांची सावली हलत असायची, आणि आम्ही आत बसून बर्फ रंगवीत असू. यात काही विचित्र आहे असे आम्हांला वाटले नाही. खरे सांगायचे तर गावात कुणालाच वाटले नाही. फादरांनी तर एका वर्षी आमच्या पडद्याला बक्षीस दिले.

आठवीत एलिमेंटरी आणि नववीत इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा झाल्या. ज्यांच्या घरातली मुले या परीक्षांना बसली असतील त्यांना स्मरणचित्र हा विषय माहीत असेल. पाहिलेला प्रसंग आठवून काढावा, ही मूळ कल्पना किती सुंदर! परंतु बाजारात तयार चित्रांची पुस्तके मिळत. फुगेवाला, पाणवठा, भाजीबाजार अशी दहा-बारा चित्रे मुले घोकून ठेवीत आणि प्रश्नपत्रिकेत जो विषय येई त्यास जवळचे चित्र उतरवून देत. आम्हीही तेच केले. आमच्या उत्तरपत्रिकेतील भाजीबाजारात फेट्यातला एक शेतकरी भोपळे विकत होता. वसईच्या बाजारात आमच्याच मावश्या लाल लुगडी नेसून केळी आणि पाने विकायला बसत. त्या चित्रात एकही मावशी नव्हती. परीक्षकांनी आम्हांला 'अ' श्रेणी दिली.

यापुढे जायचे ते मुंबईला, सर जे. जे. कलाशाळेत, असे आम्ही मनाशी ठरवले होते. १८५७ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेबद्दल आम्हांला एवढेच ठाऊक होते की तेथे झाडांखाली बसून चित्रे काढतात. बारावीनंतर वडिलांजवळ विषय काढला. वडिलांची वाडी थोडी, भावंडे चार, पानवेलीवर रोग पडलेला. वडील रागावले नाहीत. त्यांनी विहिरीवर हात-पाय धुतले, ओटीवर येऊन बसले आणि म्हणाले, "मास्तरणीला पगार असतो. चित्रकाराला काय असते ते तू मला सांग." आम्हांला सांगता आले नाही. जून १९९० मध्ये आम्ही अध्यापक विद्यालयात दाखल झालो. त्या दोन वर्षांत वडिलांशी आम्ही कामापुरतेच बोललो. ते आता नाहीत, म्हणून हे लिहिताना हात जड होतो.

अध्यापक विद्यालयात आमचा हात पहिल्याच आठवड्यात उघडकीस आला. डी.एड.चा अभ्यासक्रम ज्यांनी पूर्ण केला आहे त्यांना सराव पाठांचे दिवस आठवत असतील. प्रत्येक पाठाला टाचण हवे, प्रत्येक टाचणाला शैक्षणिक साधन हवे, आणि साधन म्हणजे बहुधा तक्ता. चाळीस छात्राध्यापकांमध्ये चित्र काढता येणारे आम्ही एकटे. रात्री अकरा-अकरा वाजेपर्यंत वसतिगृहाच्या व्हरांड्यात आम्ही दुसऱ्यांसाठी पचनसंस्था, पावनखिंड आणि पोपटाची चोच काढीत असू. बदल्यात कुणी आमच्या वह्या उतरवून देई, कुणी घरचा डबा. स्नेहसंमेलनाचा फलक आमचा, निरोपसमारंभाची रांगोळी आमची. या सगळ्याला तेथे 'कला' म्हणत आणि आम्हीही म्हणत होतो. मनात मात्र एक अढी होती. कला ही आपली खरी, शिकविणे हे तिच्या बदल्यात गळ्यात पडलेले, आणि चौथीच्या पोरांना घर काढायला शिकविण्यात आपला हात वाया जातो आहे, असे आम्हांला वाटे. ही अढी आम्ही कुणाला दाखवली नाही, परंतु मुलांपुढे उभे राहिल्यावर ती लपत असेल असे आता वाटत नाही.

कलाशिक्षणाचा विषय शिकवायला जे अध्यापक होते ते अबोल गृहस्थ. त्यांच्या तासाला निम्मा वर्ग तक्ते रंगवी. एकदा त्यांनी व्हिक्टर लोवेनफेल्ड या नावाचा विद्वान फळ्यावर लिहिला. हा मूळचा ऑस्ट्रियाचा, पुढे अमेरिकेत गेला. अंध मुलांबरोबर काम करता करता मुले चित्र कसे घडवतात याचा त्याने अभ्यास केला आणि १९४७ साली त्यावर ग्रंथ लिहिला. दोन-अडीच वर्षांचे मूल नुसत्या रेघोट्या मारते, मग त्या रेघोट्यांना नाव देते, मग तिच्यातून डोके आणि पाय फुटलेला माणूस निघतो. सात ते नऊ वर्षांच्या सुमारास मूल कागदाच्या तळाशी एक रेषा ओढते व सारे जग त्या आधाररेषेवर उभे करते. कधी कागदाला दोन आधाररेषा असतात आणि मूल कागद फिरवून दुसऱ्या बाजूने काढते, त्यामुळे आपल्याला अर्धे चित्र उलटे दिसते. घराच्या भिंती पारदर्शक असतात, कारण आत आई स्वयंपाक करते हे मुलाला ठाऊक आहे. जे महत्त्वाचे ते मोठे. मोठ्या माणसाने आपली रेषा त्यात घुसडू नये, असे लोवेनफेल्डचे कळकळीचे सांगणे होते. सरांनी आपल्याकडचेही उदाहरण दिले. शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद १९४४ साली वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात आले, नई तालीमच्या शाळेत सुमारे अठरा वर्षे त्यांनी मुलांबरोबर चित्रकलेचे काम केले. आम्ही हे सारे सुवाच्य अक्षरात टिपून घेतले. समासात एक नक्षीही काढली.

आता मुख्य गोष्ट सांगायची ती जानेवारी १९९२ मधील एका सराव पाठाची.

शाळा किनाऱ्यालगतच्या एका कोळीवाड्यात होती. इयत्ता चौथी, विषय कला, घटक 'आपला गाव'. एस.टी.तून उतरून शाळेकडे जाताना वाट वलांडींच्या मधून जाई. ज्यांनी वलांडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: बांबूंचे उंच सांगाडे, त्यांना आडव्या बांधलेल्या दोऱ्यांच्या रांगा आणि त्या दोऱ्यांवर सुकत घातलेले बोंबील. एकेक बोंबील टांगत नाहीत. दोन बोंबील घेऊन एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवतात आणि ती जोडी दोरीवर टाकतात, एक इकडे लोंबतो, एक तिकडे. पहाटे होड्या लागल्या की बायकांचे हात इतके भराभर चालतात की जोडी कधी जुळली ते दिसत नाही. आम्ही नाकाला रुमाल लावून, इस्त्रीची साडी सावरीत त्या वाटेने गेलो. हातात रंगीत खडूंची पेटी आणि डोक्यात हेतुकथनाचे वाक्य.

वर्गात शिरल्यावर आम्ही फळ्यावर गावाचे चित्र काढले. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, सूर्याच्या पायाशी निघालेली नदी, काठावर झोपडी, झोपडीशेजारी एक माड आणि आकाशात चार आकड्यासारखे पक्षी. वाचकहो, हे चित्र आपल्याला ठाऊक आहे. आपण ते काढले आहे, आपल्या मुलांनी काढले आहे. वसईच्या पूर्वेला तुंगारचा डोंगर आहे, नाही असे नाही. परंतु तो आडवा पसरलेला निळसर पट्टा आहे, त्याचा त्रिकोण होत नाही. नदी म्हणावी तर उत्तरेला वैतरणा आणि दक्षिणेला खाडी, आणि त्यांतली एकही सूर्यातून निघत नाही. त्या मुलांच्या शाळेच्या मागे शंभर पावलांवर समुद्र होता. खिडकीतून त्याचा आवाज येत होता. फळ्यावर समुद्र नव्हता.

"असे काढा, पण आपापल्या मनाने काढा," असे आम्ही मुलांना सांगितले. हे वाक्य टाचणवहीतही असेच होते व त्यावर कुणी लाल खूण केली नव्हती.

मुले आज्ञाधारक होती. दहा मिनिटांत तीस-पस्तीस सूर्य तीस-पस्तीस डोंगरांच्या जोड्यांमधून उगवले. आम्ही ओळीओळीतून फिरत होतो, मागच्या बाकावर निरीक्षक अध्यापक लिहीत होते. खिडकीशेजारी बसलेल्या एका मुलीपाशी आम्ही थांबलो. तिने फळ्याकडे पाहिलेच नव्हते. तिच्या कागदाच्या तळाशी एक रेषा होती, तिच्यावर चार-पाच बायका उभ्या. वरच्या कडेला आणखी एक रेषा, तिच्यावर होड्या, त्या सगळ्या उलट्या. दोन्हींच्या मध्ये उभ्या काठ्या, आडव्या दोऱ्या आणि दोऱ्यांवर उघड्या कात्रीसारख्या खुणांच्या रांगाच रांगा. त्या बायकांतली एक काठ्यांपेक्षाही उंच, तिचा हात वरच्या दोरीला लागलेला. मुलगी पेन्सिल इतकी दाबून धरी की कागदाच्या मागल्या बाजूला रेषा उठल्या होत्या. ती एकेक कात्री मोजून काढीत होती, ओठ हलत होते.

दोन आधाररेषा, उलट्या होड्या, महत्त्वाच्या माणसाचे मोठेपण, लोवेनफेल्डचे सारे काही त्या एका कागदावर होते. आम्हांला त्यातले काही आठवले नाही. आम्हांला दिसले ते एवढेच की हे चित्र पाठाच्या शेवटी दोरीला लावता येण्यासारखे नाही आणि सर मागे बसले आहेत.

"अगं, होड्या उलट्या कशा? माणसे पाण्यात पडतील ना," असे म्हणून आम्ही तिच्या हातून कागद घेतला. पोस्टर कलर आणि ब्रश आमच्याकडे होतेच. क्षितिजाची रेषा ओढली. उलट्या होड्यांवरून निळे आकाश फिरवले. उंच बाईच्या डोक्याभोवती आकाश आणून तिला इतर बायकांएवढी केली. त्या कात्र्या म्हणजे तोरण असावे अशी समजूत करून घेऊन काहींना आम्ही हिरवी पाने केली, आणि कोपऱ्यात सूर्य काढला. पाच-सहा मिनिटे लागली. हात चांगला असल्याने काम नीटस झाले. मुलगी शेजारी उभी राहून पाहत होती. आम्ही तिला विचारले, "आता कसे दिसते?" ती "चांगलं" म्हणाली.

मूल्यमापनाच्या पायरीला पाच चित्रे दोरीला लावली, त्यांत हे होते. निरीक्षणवहीत शेरा आला: फलकलेखन उत्तम, वर्गावर ताबा चांगला, व्यक्तिगत मार्गदर्शन केले. शेवटच्या शब्दांखाली रेघ होती.

शाळा सुटली. आम्ही आनंदात फाटकाकडे चाललो होतो, तोच मागून पावले वाजली. ती मुलगी धावत आली. हातात तो कागद, रंग अजून पुरता वाळला नसल्यामुळे तिने तो कडांना धरला होता.

"बाई, तुमचं चित्र ऱ्हायलं."

तिच्या आवाजात रुसवा नव्हता की तक्रार नव्हती. कुणाची छत्री विसरली तर आपण धावत जाऊन देतो, तसा तिने तो कागद दिला आणि परत पळाली. तेव्हा आम्हांला हसू आले. किती भाबडी पोर, असे मनात म्हणत आम्ही कागद टाचणवहीत घातला. परतीच्या वाटेवर पुन्हा वलांडी लागल्या. उन्हे कलली होती, एक बाई वरच्या दोरीवरचे बोंबील उतरवीत होती आणि तिचा हात वर गेलेला होता. आम्ही नाकावरचा रुमाल काढला. वही उघडण्याचे धैर्य काही झाले नाही.

घरी आल्यावर आधी आम्हांला त्या मुलीचा राग आला, हेही येथे नमूद केले पाहिजे. एवढे मनापासून करून दिले, पोरीला किंमत नाही, असे आम्ही खोलीतल्या मैत्रिणीला सांगितले. त्या रागाला तीन-चार दिवस लागले. त्यानंतर जे उरले त्याला शरम म्हणावे तर ती थोडी फार नाटकी वाटते. आम्ही फक्त रात्री तक्ते काढणे बंद केले व मैत्रिणींना कारण सांगता आले नाही. एप्रिलच्या लेखी परीक्षेत बालचित्रांच्या अवस्थांवर प्रश्न आला. आम्ही चार पाने लिहिली, आधाररेषेची आकृती काढली, आणि मोठ्यांनी मुलाच्या चित्रात रेषा घुसडू नये हे वाक्य अधोरेखित केले. कलेत वर्गात सर्वाधिक गुण आम्हांला मिळाले.

ही गोष्ट आम्ही त्या मुलीची म्हणून सांगितली, पण ती आमचीही होती असे हळूहळू ध्यानी येऊ लागले. आम्ही स्वतः कधी एखादी गोष्ट पाहून काढली होती का, याचा शोध घ्यायला बसलो तेव्हा हाती फारसे लागले नाही. संतांची चित्रे गिरवलेली, कॅलेंडरे चौकटीतून मोठी केलेली, स्मरणचित्रे घोकलेली. आजीचा चेहरा आम्ही कधी काढला नाही. जिच्या एका वाक्यावर आम्ही स्वतःला चित्रकार समजत होतो, त्या बाईच्या कानांतल्या जड कापांनी तिच्या पाळ्या किती खाली ओढल्या होत्या हे आम्हांला आठवते, परंतु ते रेषेत उतरवण्यासारखे आहे हे मनात आले नाही. तिचे फोटोही दोनच आहेत.

पुढे नोकरीत असताना एका ग्रंथालयात अँजेलो द फोन्सेका यांची चित्रे छापील स्वरूपात पाहावयास मिळाली. १९०२ साली गोव्यात जन्मलेले हे ख्रिस्ती चित्रकार. वैद्यकीचे शिक्षण सोडून ते जे. जे.मध्ये गेले, तेथूनही निघून शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्यापाशी शिकले. त्यांनी पवित्र मरियेला साडी नेसवली, आपल्या मुलखातल्या बायांसारखा सावळा रंग दिला. गोव्यातील काही धर्मनिष्ठ मंडळींना ते रुचले नाही. पुढे त्यांनी पुण्यातील क्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रे काढली आणि १९६७ साली पुण्यातच ते वारले. आमच्यापासून रेल्वेने काही तासांच्या अंतरावर एक माणूस हे करीत होता, आणि त्यानंतर दोन दशकांनी आम्ही वसईत चादरीवर बर्फ रंगवीत होतो!

त्या वर्षी आम्ही गोठ्यावरचा कापूस बंद केला. पडद्यावर केळी, माड, बावखल काढले, मुलांनाही तेच काढायला लावले. मुले हिरमुसली. "बाईंच्या गोठ्यात बर्फच नाही," असे एक पोर रडत घरी गेले आणि त्याची आई आम्हांला विचारायला आली. बोलता बोलता आमच्याच लक्षात आले की डोंगरांच्या जागी आता केळी आल्या आहेत, एवढाच फरक. ब्रश अजून आमच्याच हातात होता. दुसऱ्या वर्षी ज्याला कापूस हवा त्याने कापूस लावला.

वर्गात आम्ही फळ्यावर चित्र काढणे सोडले आणि "काहीही काढा" असे सांगू लागलो. त्याने काही साधले नाही. काहीही काढा म्हटले की मुले पुन्हा तेच दोन डोंगर काढतात. कोऱ्या कागदासमोर बसलेल्या मुलाला धीर हवा असतो आणि डोंगर त्याच्या हाताला पाठ असतात. मग एकदा, १९९७ च्या पावसाळ्यात, आम्ही तिसरीच्या वर्गाला कागद-पेन्सिल न देता विहिरीवर नेले. पंप बसल्यावर निकामी झालेला एक जुना रहाट तेथे होता. मुलांना काही सांगितले नाही, नुसते विचारत राहिलो. दात किती आहेत? मोजा. गाडगी कुठे बांधत असतील? बैल कोणत्या बाजूने फिरत असेल, त्याच्या पायांनी जमीन कशी झाली आहे? एकाने रहाटाला हात लावला, त्याच्या हाताला गंज लागला, तो त्याने वासासाठी नाकाशी नेला. परत वर्गात येऊन मुलांनी काढले. एकाही कागदावर डोंगर नव्हता. एकाच्या चित्रात पान भरून नुसता बैलाचा गोल पाऊलमार्ग होता आणि मध्ये ठिपक्याएवढा रहाट. आम्ही त्याला विचारले, "बैल कुठे गेला?" तो म्हणाला, "पाणी प्यायला." ब्रशकडे हात जायचा राहिला असे नाही. तो गेला, आणि आम्ही तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

असे तास वर्षातून किती मिळाले म्हणाल, तर फार थोडे. वेळापत्रकात कलेचा तास असतो, परंतु घटकचाचणी जवळ आली की तो गणिताला जातो, आणि आम्ही स्वतः तो गणिताला दिलेला आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कला हा दहावीपर्यंत शिक्षणाचा अविभाज्य भाग असावा असे म्हटले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुले असतील तेथे कलेसाठी अर्धवेळ निदेशक नेमावा असे म्हटले. अर्धवेळ हा शब्द वाचून आम्हांला वडिलांची आठवण झाली. चित्रकाराला काय असते, या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर कायद्यानेही अर्धेच दिले होते. परंतु आमच्या पगारावर त्यांचे शेवटचे आजारपण निभावले, हेही खरे आहे, आणि त्या दिवसांत त्यांच्या उशाशी बसून आम्ही प्रथमच कुणाचा तरी हात पाहून काढला. शिरा उठलेला, नखांत पानवेलीच्या मातीची काळी रेघ असलेला. चित्र चांगले आले नाही. अंगठा फार लांब झाला. वडिलांनी ते पाहिले आणि म्हणाले, "हा माझाच आहे."

त्यानंतर आम्ही अधूनमधून काढतो. बहुतेक चित्रे फसतात, कारण गिरवायला खाली काही नसते. सुट्टीच्या दिवशी बावखलाच्या काठी बसतो. पाण्यात दिसणारा माड खरा माडाच्या उलटा असतो हे पन्नाशी उलटल्यावर लक्षात येणे ही काही अभिमानाने सांगण्याची गोष्ट नव्हे. शेजारची मुले खांद्यावरून डोकावतात. एकीने परवा सांगितले की बाई, पाणी एवढे निळे कुठे आहे, ते तर हिरवे आहे. आम्ही पाहिले. हिरवेच होते.

१९९२ चा तो कागद कपाटातल्या फाईलमध्ये आहे. पोस्टर कलरला आता तडे गेले आहेत व आकाशाचा एक पापुद्रा सुटून त्याखालून एका उलट्या होडीचे टोक निघाले आहे. सुरुवातीची काही वर्षे आम्ही ओल्या कापसाने रंग काढण्याचा प्रयत्न करीत होतो, त्याने कागद फाटू लागला म्हणून सोडून दिले. कागद पालथा केला तर मात्र तिच्या दाबून ओढलेल्या रेषा बोटाला लागतात. काठ्या लागतात, दोऱ्या लागतात, उंच बाईचा वर गेलेला हात लागतो. बोंबलांच्या जोड्या आम्ही मागच्या बाजूने मोजल्या आहेत. तेवीस भरतात. कोपऱ्यात आणखी काही होत्या. आमच्या सूर्याच्या पाण्याने तेथला कागद फुगला आहे, त्या मोजता येत नाहीत.